फ्लूनंतर उलटलेला ताप: छाती का धरते आणि घरी काय मोजायचं

फ्लूचा ताप सहसा तीन ते पाच दिवसांत उतरतो. मोडून आलेलं अंग सुटतं, माणूस बाजेवर उठून बसतो, वरण-भात मागतो. वेचणीचे दिवस असले तर दुसऱ्याच सकाळी वावरात जातो. मग सहाव्या-सातव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप १०२-१०३ वर जातो आणि श्वास घेताना एका बाजूच्या बरगड्यांत सुई टोचल्यासारखं दुखतं. घरचे म्हणतात, "ताप उलटला." तापाचं वर्णन म्हणून हे बरोबर आहे, पण त्यामागे समजूत असते की जुनंच दुखणं परत आलं, आणि म्हणून जुन्याच गोळ्या परत सुरू होतात. बहुतेक वेळा हे दुखणं नवं असतं. फ्लूच्या विषाणूने वाट मोकळी करून दिली आणि त्या वाटेने जिवाणू फुप्फुसात उतरले. याचं औषध वेगळं आहे, आणि हातात वेळही कमी असतो.

म्हणून पहिलं काम तारखेचं. ज्या दिवशी ताप आला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर '१' लिहा, पुढे २, ३, ४. ताप पूर्ण उतरला त्या दिवसाभोवती गोल करा. दवाखान्यात "किती दिवस झाले?" या प्रश्नाला "झाले असतील आठ-दहा" असं उत्तर मिळालं की डॉक्टरांचा सगळ्यात उपयोगी धागा तुटतो. "मंगळवारी ताप आला, शनिवारी उतरला, सोमवारी थंडी वाजून पुन्हा चढला" एवढ्या एका वाक्यावर अर्धं निदान होतं. चौथ्यापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत नजर ठेवायची. त्यातही पहिल्या आठवड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जास्त धोक्याची.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. काही रुग्णांत मधली उसंत येतच नाही. ताप उतरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दम वाढत जातो. तो स्वतः फ्लूच्या विषाणूचा न्यूमोनिया असू शकतो, किंवा विषाणू आणि जिवाणू दोन्ही एकदम. "अजून ताप उतरून चढला नाही, म्हणजे ते नव्हे" असा हिशेब लावू नका. दम लागला की दिवस मोजत बसायचं नाही.

आत नेमकं काय होतं

श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांचा थर असतो. हे केस सतत वरच्या दिशेने हलतात आणि धूळ, जंतू, चिकट कफ घशाकडे ढकलतात. फ्लूचा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि बाहेर पडताना त्यांना मारतो. अस्तराचे तुकडे गळतात, खालचा पडदा उघडा पडतो, झाडू थांबतो. ताप पाच दिवसांत गेला तरी हे अस्तर पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. रुग्णाला बरं वाटणं आणि छाती बरी होणं यांत हे एवढं अंतर आहे.

जिवाणू कुठून येतात? बाहेरून यायची त्यांना गरजच नसते. न्यूमोकोकस कित्येकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाका-घशात काहीही त्रास न देता राहतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस नाकपुडीत आणि कातडीवर असतो. शेताच्या धुऱ्याशी रोह्यांचा (नीलगायींचा) कळप आधीच उभा असावा आणि कुंपण तुटावं, तसा हा प्रकार. उघड्या पडलेल्या पडद्याला हे जिवाणू घट्ट चिकटतात. विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते पेशींवरचं आणि कफातलं सियालिक आम्ल, म्हणजे साखरेच्या जातीचं एक द्रव्य, तोडतं, त्यामुळे जिवाणूंना चिकटायला नव्या जागा मिळतात आणि न्यूमोकोकसला वर खाद्यही मिळतं. सूज आल्याने फुप्फुसाच्या फुग्यांत रक्तातलं पाणी झिरपतं. गरम, ओलं, पोषक: जंतू वाढायला आणखी काय हवं!

पण खरी मेख राखणदारांची आहे. फुप्फुसाच्या फुग्यांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. फ्लूत त्यातल्या बऱ्याच मरतात. उरलेल्यांची गिळण्याची ताकद इंटरफेरॉनमुळे मंदावते. हे इंटरफेरॉन शरीर विषाणूशी लढायला स्वतःच सोडतं. म्हणजे एका शत्रूवर सगळी फौज लावली आणि दुसऱ्या वेशीवर माणूस उरला नाही. ही ढिलाई पहिल्या आठवड्याच्या शेवटाला सगळ्यात जास्त असते, आणि ताप उतरल्यामुळे रुग्ण नेमका त्याच वेळी कामाला लागलेला असतो.

१९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तिने गावंच्या गावं झोडपली. त्या साथीत मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: बहुतेक मृत्यू जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही प्रतिजैविकं असतात. अडतं ते वेळेवर पोचण्यात.

श्वास कसे मोजायचे

थर्मामीटर नसला तरी चालेल, पण सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइल हवा. मूल शांत असताना मोजा. रडताना, दूध पिताना किंवा नुकतंच खेळून आल्यावर मोजलेला आकडा फुकट. झोपेत मोजलं तर उत्तम. अंगावरचे कपडे छातीपासून पोटापर्यंत वर करा, पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं लहान बाळात चुकतं, कारण बाळ मधेच थांबतं, मधेच भराभर घेतं. जास्त आकडा आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा.

मोजताना गोंधळ होत असेल तर दर दहा श्वासांना तुरीचा एक दाणा बाजूला टाका. हा आमचा शोध नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अंक न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं होतं. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू घटतात, हे त्यांचं काम १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आकडे असे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. एवढे श्वास म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर त्याच दिवशी दाखवा, ३० झाले तर तडक भरतीची तयारी करा. मोठ्या माणसाला "तुझे श्वास मोजतो" असं सांगू नका, तो लगेच श्वास सांभाळून घ्यायला लागतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि डोळा छातीवर ठेवा.

ताप जास्त असला की श्वास थोडे वाढतातच. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजलं तर खरं चित्र कळतं. पण मुलाची छाती आत ओढली जात असेल तर ही वाट पाहायची नाही. छाती ओढणं म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची कडा खड्ड्यासारखी आत जाणं. सुदृढ बाळात त्या वेळी छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. काही घरांत याला 'डब्बा झाला' म्हणतात आणि पोटावर तापलेल्या विळ्याने डागतात. डागल्याने फुप्फुसातला जिवाणू मरत नाही. भाजलेल्या कातडीतून दुसरा आत शिरतो, आणि वेदनेमुळे बाळ पूर्ण श्वास घेणंही टाळतं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून बऱ्याच घरांत पडून आहे. सेल बदला आणि वापरा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, नेलपेंट काढा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, हात स्थिर ठेवून आकडा ठरेपर्यंत मिनिटभर थांबा. ९५ किंवा वर ठीक. ९४ किंवा खाली आला की त्याच दिवशी दवाखाना. ९० किंवा खाली म्हणजे ऑक्सिजन लागणार, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा. ज्यांना वर्षानुवर्षं दम्याचा किंवा बिडीच्या छातीचा त्रास आहे त्यांचा आकडा एरवीच कमी असू शकतो. त्यांचा चांगल्या दिवसातला आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. आकडा चांगला असूनही माणूस धापा टाकत असेल तर विश्वास माणसावर ठेवायचा, यंत्रावर नाही. बंद खोलीत शेगडी पेटवली असेल तर आणखी एक फसगत होते: कोळशाचा विषारी वायू रक्तात मिसळला तरी यंत्र ९८ दाखवत राहतं.

मोजण्यापलीकडच्या खुणा

न्यूमोकोकसचा न्यूमोनिया अनेकदा एकाच जोरदार हुडहुडीने सुरू होतो. बेडका गंजाच्या रंगाचा येतो, खोकताना आणि खोल श्वास घेताना एकाच जागी कळ येते. स्टॅफिलोकोकसचा वेग भयंकर. सकाळी चालता-बोलता तरणा माणूस रात्रीपर्यंत रक्त मिसळलेला कफ थुंकत खाली बसतो. घरात कुणाला नुकतीच गळवं, फोड झाले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, औषध निवडताना त्याचा उपयोग होतो.

म्हाताऱ्यांत ताप येईलच असं नाही. आजोबा अचानक भ्रमल्यासारखे बोलू लागले, ओळखीच्या माणसाला ओळखेनात, जेवण सोडलं, उठताना पडले, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात उलट प्रकारही होतो: अंग गार पडतं, दूध ओढत नाही, कण्हतं. त्या वयात ताप ९९.५ असो की अंग गार, घरी एक रात्रही काढायची नाही. आणि कोणत्याही वयात ओठ-नखं निळसर होणं, झटका येणं, पाणीही न टिकणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, सारखी गुंगी, यातली एक खूणही तडक रुग्णालयात न्यायला पुरेशी आहे.

सिकलसेलच्या घरांनी हे वेगळं वाचावं. विदर्भात गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. 'एसएस' पॅटर्न असलेल्या (आई-बाप दोघांकडून हा दोष आलेल्या) मुलांची पानथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होते, आणि न्यूमोकोकससारखे जाड कवचाचे जिवाणू गाळायचं काम तीच करते. अशा मुलाला किंवा मोठ्याला १०१.३ च्या वर ताप आला तर दिवस मोजायचा नाही, श्वास मोजून थांबायचं नाही, त्याच दिवशी भरती. छातीत दुखून दम लागला तर तो सिकलसेलचाच छातीतला झटका असू शकतो. त्याला ऑक्सिजन आणि कधी रक्त लागतं. कार्ड सोबत न्या आणि दारातच "सिकलसेल आहे" म्हणून सांगा. रोजची पेनिसिलिनची गोळी चालू असेल तर फ्लूत ती बंद करू नका.

गरोदर बाई, मधुमेही, हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण, दमेकरी, पासष्टच्या वरचे आणि दोन वर्षांखालची मुलं यांना फ्लू झाला तर पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरांना दाखवा. ओसेलटामिव्हिर हे विषाणूवरचं औषध तेव्हाच सगळ्यात जास्त लागू पडतं. मोठ्यांना सहसा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. लवकर घेतलं तर अस्तराची नासधूस कमी होते, म्हणजे पुढच्या जिवाणूचीही वाट अरुंद होते.

घरी काय करायचं, काय नाही

तापाला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० ची गोळी, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दारू पिणाऱ्याने त्याहून कमी घ्यायची, नाहीतर यकृताला मार बसतो. मुलांना वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम झालं. इथे घोटाळा बाटलीचा होतो. एका सिरपच्या पाच मिलित १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. खोकी सारखीच दिसतात. दुसऱ्यातलं त्याच मुलाला अडीच मिलिच द्यायचं. सर्दीच्या तयार गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून हिशेब करा. मुलांना ॲस्पिरिन किंवा डिस्प्रिन कधीच नाही. फ्लूत त्याने मेंदू आणि यकृताला सूज येऊ शकते.

पेज, वरणाचं पाणी, ताक, जे उतरेल ते थोडं थोडं, वारंवार. जुलाब-उलटी असेल तर ओआरएसची एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असला अंदाज नको. पाठीमागे उशी-गोधडी लावून अर्धवट बसवून झोपवा. खोकल्याला वर्षावरच्या मुलांना चमचाभर मध चालतो, वर्षाखाली नाही. वाफेने नाक मोकळं वाटतं इतकंच, आणि उकळतं पातेलं उलटून भाजलेली मुलं दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात.

बाळाच्या नाकात तेल सोडणं बंद करा. ते तेल खाली फुप्फुसात उतरतं आणि त्याचाच वेगळा न्यूमोनिया होतो. दम लागलेल्या बाळाला चमच्याने जबरदस्तीने घुटी किंवा दूध पाजलं तर तेही श्वासनळीत जातं.

पऱ्हाटी-तुराट्यांच्या चुलीचा धूर त्याच केसांना लुळं करतो ज्यांना फ्लूने आधीच मारलंय. आजारी माणसाची बाज चुलीच्या खोलीतून हलवा. थंडी असली तरी धुरापेक्षा पडवीत दोन गोधड्या बऱ्या. घरातली बिडी बाहेर जाऊ द्या. पिकावरची फवारणी निदान दोन आठवडे दुसऱ्या कुणी करावी.

आता सगळ्यात नेहमीची चूक. तिसऱ्या दिवशी ताप उतरेना म्हणून एक सुई आणि पुड्या घेतल्या जातात. सुईत अनेकदा डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड असतं. ताप तासाभरात पळतो, अंग हलकं होतं, डॉक्टर देव वाटतो. पण स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी दबते, नेमकी त्या आठवड्यात जेव्हा राखणदार आधीच कमी आहेत, आणि तापाची खूणही झाकली जाते. दमेकऱ्याला डॉक्टरांनी विचार करून दिलेलं स्टिरॉइड ही गोष्ट वेगळी. सुई कशाची आहे हे विचारा आणि कागदावर लिहून मागा.

दुसरी चूक, घरातलं उरलेलं प्रतिजैविक आधीच सुरू करणं. फ्लूच्या विषाणूवर ते काहीच करत नाही. नाका-घशातले कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढे न्यूमोनिया झालाच तर तो त्या चिवटांचा होतो. तीन गोळ्यांचं ॲझिथ्रोमायसिन गावोगाव चालतं, पण न्यूमोकोकस अनेकदा त्याला जुमानत नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध अर्धवट घेतलं तर क्षयही काही आठवडे दबतो आणि निदान लांबतं.

कुठे, कसं जायचं

नुसते श्वास जास्त, पण मूल पितंय, खेळतंय, छाती ओढली जात नाही: आशाताईंना कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी न्या. छाती ओढली जातेय किंवा वरच्या खुणांपैकी काही आहे: एक्स-रे आणि ऑक्सिजन लागणार, तेव्हा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. तरी वाटेत आरोग्य केंद्र लागत असेल तर थांबा, पहिला डोस आणि ऑक्सिजन मिळवा, चिठ्ठी घ्या, मग पुढे. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथली मोठी रुग्णालयं कुठूनही लांबच पडतात, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस किती लवकर मिळाला यावर पुढचं बरंच ठरतं. धापा टाकणाऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे दाबून नेऊ नका. १०८ येईपर्यंत बसवून ठेवा, गुंगीत असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका. सोबत तारखा लिहिलेलं कॅलेंडरचं पान, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रेशनकार्ड, आधार आणि मुलाचं लसीकरण कार्ड.

औषध सुरू झाल्यावर दोन ते तीन दिवसांत ताप आणि श्वास उतरायला हवेत. नाही उतरले तर "गोळ्या संपू द्या" म्हणून बसू नका. जंतू त्या औषधाला दाद देत नसेल, फुप्फुसाच्या आवरणात पू साठला असेल किंवा आजारच दुसरा असेल. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत-झुडपांत काम करणाऱ्याला ताप, दम आणि अंगावर कुठे काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो. काखेत, जांघेत, कमरेच्या दोरीखाली बघा. त्याचं औषध डॉक्सिसायक्लिन, आणि न्यूमोनियाच्या नेहमीच्या सुया त्यावर चालत नाहीत. बरं वाटलं तरी ठरलेले दिवस औषध पुरं करा.

लसींचं थोडक्यात. बाळाला न्यूमोकोकसची लस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात सरकारी लसीकरणात फुकट आहे. हिब या न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतच येते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगात उतरायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो, थंडीच्या शेवटी पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून मृग लागण्याआधी घेतलेली बरी. गरोदर बाईने आधी आरोग्य केंद्रात विचारावं.

फ्लूनंतर कोरडा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. पण खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, किंवा वजन उतरतंय, किंवा संध्याकाळी कणकण येते, तर क्षयासाठी बेडका तपासायला द्या. सकाळी उठल्यावर आधी चूळ भरा, मग खोल खोकून आलेला कफ डबीत घ्या. नुसती थुंकी दिली तर तपासणीत क्षय निसटतो.